आठवी ब, बाई आणि निवटी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'समुद्री जीवशास्त्रातील माझी वाटचाल' या विषयावर लिहाल का, असं शाळेचं पत्र आलं आणि मी त्याच दिवशी होकार कळवला. माझी वाटचाल बाईंपासून सुरू होते. बाई म्हणजे कोणत्या, हे आमच्या वेळच्या कुणाला सांगायला नको.

मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. आठवी ब मध्ये बाई शिकवत होत्या की मासे कल्ल्यांनी श्वास घेतात, पाण्याबाहेर काढले की मरतात. मी उठून म्हटलं, "बाई, आमची निवटी नाय मरत." निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा छोटा मासा. वर्ग हसला. बाई मात्र फळ्याकडे वळल्या, त्या वाक्यापुढे खडूने प्रश्नचिन्ह काढलं आणि मला विचारलं, "शनिवारी खाडीला सुकती (ओहोटी) किती वाजता लागते? घरी विचारून ये."

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि अख्खा वर्ग बाईंच्या मागे बंदरावर. बाबा जाळं विणत बसले होते. "बाई, चपला काढा, चिखल ओढून घेतो," ते म्हणाले. बाईंनी साडी खोचली आणि घोटाभर चिखलात उतरल्या. निवट्या बाहेर आल्याच होत्या. डोक्यावर उभे डोळे, पुढच्या परांवर रेटा देत सरपटणारं अंग, आणि चिखलावर तोंड डावी-उजवीकडे फिरवत चरणं. बाई बाबांना एकेक विचारत होत्या: बीळ किती खोल असतं, भरतीला ही कुठे जाते, पावसाळ्यात काय करते. बाबा सांगत होते आणि बाई उभ्या-उभ्या वहीत उतरवून घेत होत्या. एका मुलाने निवटी बरणीत भरली, ती बाईंनी तिथेच सोडायला लावली.

सोमवारी त्यांनी समजावून सांगितलं. अंग ओलं असेपर्यंत निवटी कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते, कल्ल्यांच्या कप्प्यात पाणीही धरून ठेवते. खाली लिहिलं, 'माहिती देणारे', आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव. बाबा कधी शाळेत गेले नव्हते. त्यांचं नाव आपल्या शाळेच्या फळ्यावर तासभर होतं. घरी सांगितलं तेव्हा आई रडली.

पुढे बांदोडकर कॉलेज, मग एम.एस्सी., मग संशोधनाची नोकरी. ससून डॉकवर पहाटे उतरणाऱ्या माशांची जात, लांबी, वजन लिहून घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. प्रत्येक नोंदीशेजारी ती सांगणाऱ्या तांडेलाचं (होडीच्या प्रमुखाचं) किंवा मासळीवालीचं नाव लिहायची सवय मी कधी सोडली नाही. वरिष्ठांना ते अनावश्यक वाटे. मला ते शास्त्राचाच भाग वाटतं, आजही. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी माशांच्या विणीसाठी आहे. आमचे आजोबा नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात लोटत नसत. हे दोन नियम शेजारी ठेवून बोललं की बंदरावरची माणसं ऐकतात. नुसता कागद वाचून दाखवला की उठून जातात.

२०१८ साली राज्य सरकारने योजना आणली: जाळ्यात कासव, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी अडकला आणि तो सोडवताना जाळं कापावं लागलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. पण त्याआधीही कासवासाठी स्वतःचं जाळं कापणारे तांडेल मी पाहिले आहेत. त्यांचे सत्कार कुणी केले नाहीत. संवर्धनाचा इतिहास लिहिताना ही माणसं गाळली जातात, याचा मला मनापासून राग येतो.

आपल्या ठाणे खाडीचं म्हणाल, तर २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीला बोटीतून पक्षी पाहायला रांगा लागतात, आनंदच आहे. पण त्या रांगेत उभं राहणाऱ्याला चेंदणीच्या बंदरावर किती होड्या उरल्या, हे दिसत नाही. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी खाडीने वर्षानुवर्षं पोटात घेतलं. आम्ही कालवं फोडायचो त्या दगडांवर आता प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात. तिवरं वाचली, ती राखणाऱ्यांचे उपकारच. मासळीवर पोट भरणारी घरं मात्र एकेक करून दुसऱ्या कामाला लागली. माझे दोन्ही भाऊही.

बाई अभयारण्य व्हायच्या आधीच गेल्या. त्या असत्या तर पहिल्या शनिवारी आठवीचा वर्ग घेऊन ऐरोलीला पोचल्या असत्या.

तिवर, चिपी, कांदळ, मारांडी अशा खाडीकाठच्या झाडांचे वाळवलेले नमुने मी नोकरीत असताना जमवले होते. प्रत्येकाखाली शास्त्रीय नाव, कोळीवाड्यातलं नाव आणि ते सांगणाऱ्याचं नाव आहे. ते सगळे शाळेच्या प्रयोगशाळेला देत आहे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, दाराजवळचं कपाट त्यांनी रिकामं करून दिलं आहे. पाठीमागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तेवढे नमुने तिथून दूर ठेवा.