थेंब स्थिरावला आणि स्वर्गीय नर्तक आला!

पक्ष्यांच्या अंघोळीसाठी बागेत परळ (मातीचं पसरट भांडं) ठेवलंय, त्यात वरच्या बादलीतून सलाईनच्या सेटने पाण्याचा थेंब टपकत ठेवतो, पक्षी त्याला भुलतात. त्या परळावर स्वर्गीय नर्तक पक्षी आज सकाळी आठ चाळीसला आला. पांढरा नर, पूर्ण लांब शेपटीचा! तळेगावातल्या ह्या बागेला सहा वर्षं झाली, आत्तापर्यंत तांबूस मादी एकदाच दिसलेली ती पण शेजारच्यांच्या आंब्यावर. दयाळ पक्ष्यासारखा हा परळाच्या काठावर बसून अंघोळ करत नाही, सीताफळाच्या फांदीवरून थेट पाण्यावर झेप, छाती भिजली की परत फांदीवर. असं चार वेळा. शेवटी शेपटीच्या दोन्ही फिती ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या, त्या चोचीतून एकेक ओढून मोकळ्या करत बसला होता. डोळ्याभोवतीचं निळं कडं खिडकीतून नुसत्या डोळ्यांनी दिसलं.

श्रेय सगळं थेंबाला. मागच्या वेळी लिहिलेलं तेच, सलाईनचा सेट सकाळी मस्त टपकतो आणि दुपारी दोनच्या सुमारास बंद. तीन आठवडे डोकं खाल्लं ह्याने. आधी शेवाळ वाटलं म्हणून नळीला काळी टेप गुंडाळली, काही नाही. मग बोअरच्या पाण्याचे क्षार अडकत असतील म्हणून नळाचं पाणी फडक्यातून गाळून भरलं, किंचित फरक. खरा घोळ उघड्या बादलीचा होता, पाणी उतरतं तसा दाब कमी होतो आणि क्लॅम्प (थेंब कमी-जास्त करायची नळीवरची चिमटी) सकाळच्या भरलेल्या बादलीवर लावलेला.

मग बादली काढून पाच लिटरचा कॅन घेतला, झाकण एम-सीलने हवाबंद केलं आणि त्यातून एक नळी आत सोडली, तिचं टोक सेटच्या भोकाच्या दोन बोटं वर. हवा फक्त त्या टोकातून आत येते त्यामुळे वर पाणी कितीही असो, दाब तेवढाच. पहिल्याच दिवशी दुपारी उलटंच झालं, थेंबाची धार लागली, कारण उन्हात कॅनमधली हवा फुगून पाणी बाहेर ढकलते. कॅन सावलीत टांगून वर ओलं गोणपाट टाकलं, आता दिवसभर मिनिटाला ४० थेंब. ह्या सेटला २० थेंब म्हणजे १ मिली, म्हणजे बारा तासांत साधारण दीड लिटर, रात्री क्लॅम्प बंद, कॅन तीन दिवस जातो.

तीन दिवस हे बरंच झालं, तेव्हा परळ पण घासायचंच असतं. नुसतं पाणी बदलून भागत नाही, एडिस डासाची अंडी काठाला चिकटून राहतात आणि सुकली तरी टिकतात, काथ्याने काठ खरवडून काढा. आणि परळ कुंभाराकडचंच घ्या. ऑनलाइन मागवलेलं चकचकीत सिरॅमिकचं भांडं खोल आणि निसरडं, चष्मेवाले (छोटे हिरवट पक्षी) काठावरून घसरायचे. आता लाल मातीच्या परळात दीड इंच पाणी आणि मधे चपटा दगड, आठ-नऊ जणांचा थवा एकदम उतरतो. जास्वंदीपासून सहा फूट लांब सरकवल्यापासून मांजरालाही दबा धरता येत नाही.

पुढचा बेत सातभाई पक्ष्यांसाठी जमिनीवर दुसरं परळ ठेवायचा होता, पण आत्ता लिहिताना सुचलं, शिंजीर पक्षी तर ओल्या पानांवर अंग घासून अंघोळ करतात, मग दुसरा सेट कडीपत्त्यावरच का सोडू नये? खाली गळणाऱ्या पाण्याने माती ओली राहील, फुलपाखरांना चिखलपानाला (ओल्या मातीतले क्षार शोषायला) जागा होईल. सातभाई थांबतील थोडे. सेट आणायला संध्याकाळीच मेडिकलमध्ये जातोय, कुणी पानांवर थेंब सोडून बघितला असेल तर मिनिटाला किती ठेवलेत ते सांगा.