बडीचा हजारावा गोल आणि माझी ड्युटी

सिडनी क्रिकेट ग्राउंडवर सिक्युरिटीची ड्युटी म्हणजे मैदानाकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड. पगार माणसांवर लक्ष ठेवण्याचा असतो, खेळ बघण्याचा नाही. 25 मार्च 2022, शुक्रवारची रात्र. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमधला सामना, सिडनी स्वान्स विरुद्ध जीलाँग. लान्स फ्रँकलिन, ज्याला सगळं ऑस्ट्रेलिया 'बडी' म्हणतं, हजार गोलांपासून चार पावलांवर होता. 1897 पासून चालत आलेल्या या लीगमध्ये त्याच्याआधी फक्त पाच जणांनी तो आकडा गाठला होता.

शिफ्ट सुरू होण्याआधी सुपरवायझरने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "गोल झाला की लोक आत उतरणार. अडवत बसू नका. कुंपणावरून पडणाऱ्यांना सांभाळा, लहान मुलांकडे बघा."

इथली ही जुनी रीत आहे. मोठा टप्पा गाठला की प्रेक्षक मैदानात धावतात. 2008 मध्ये बडीने एका मोसमातला शंभरावा गोल मारला, तेव्हा मेलबर्नलाही लोक असेच उतरले होते. त्यानंतर आजवर मोसमात शंभरी कुणालाच जमलेली नाही. बचाव आता इतका दाट असतो, की एकट्या फॉरवर्डला मोकळी जागाच मिळत नाही. म्हणून मला तो हजाराचा आकडा फार मोठा वाटतो.

आणि हा माणूस तिथवर सरळ रेषेत पोचला नव्हता. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या पट्ट्यात वाढलेला, नूंगार-वाजारी या मूळनिवासी समाजांतला मुलगा. हॉथॉर्न क्लबकडून दोन विजेतेपदं, मग स्वान्सशी नऊ वर्षांचा करार. 2015 मध्ये ऐन फायनल्सच्या तोंडावर मानसिक आजारामुळे तो बाजूला झाला आणि क्लबने ते उघडपणे सांगितलं. 2020 मध्ये दुखापतीमुळे एकही सामना नाही. पस्तिशीत हजार गाठायला त्याला ही सगळी वाट तुडवावी लागली.

त्या रात्री बडीचे तीन गोल झाले. चौथ्या क्वार्टरमध्ये माझ्यासमोरच्या रांगा एकदम उठल्या. बडीने मार्क घेतला होता, म्हणजे लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलला होता. असा झेल घेतला की मोकळी किक मिळते, त्यामुळे आता त्याला कुणी धरू शकत नव्हतं. मी मोठ्या स्क्रीनकडे पाहिलं. तो डाव्या पायाने मारणारा, रन-अप नेहमीसारखा कमानीत. लाल-पांढरा मफलर घातलेले एक आजोबा कुंपणाला दोन्ही हात लावून उभे होते. म्हणाले, "मेट, 1999 ला स्वान्सच्या टोनी लॉकेटच्या तेराशेव्या गोलला याच मैदानात धावलो होतो. आज गुडघे साथ देत नाहीत."

चेंडू खांबांमधून गेला आणि पुढचं सगळं एकदमच झालं. बाजूने पोरं उड्या टाकत होती. एक बाई बाळ कडेवर घेऊन कुंपण चढायला लागल्या. मी बाळ धरलं, त्या उतरल्या, बाळ परत दिलं. मग आजोबांच्या काखेत हात घालून त्यांनाही उतरवलं. गवतावर पाय टेकताच ते चालत नव्हते, अक्षरशः दुडदुडत होते.

हजारो माणसांच्या मधोमध बडी कुठे आहे ते फक्त सहकाऱ्यांच्या आणि आमच्या लोकांच्या कड्यावरून कळत होतं. धक्काबुक्की बरीच झाली, पण राग कुठेच दिसला नाही. एवढी गर्दी अंगावर येऊनही मला भीती वाटली नाही.

अर्ध्या तासाहून जास्त वेळ खेळ थांबला. लोकांना परत बसवणं हे खरं काम. पुढे उरलेला सामना झाला, स्वान्स 107-77 जिंकले. आजोबांना त्यांच्या जागेवर पोचवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लॉकेटच्या वेळी मी एकटा आलो होतो. आज नात सोबत आहे, तिला शोधून देशील का?" नात दोन रांगा मागेच उभी राहून त्यांनाच शोधत होती.

बडी जुलै 2023 मध्ये निवृत्त झाला. 354 सामने, 1066 गोल.