पावती खरी, पोती खोटी: तारण गोदाम तपासताना

गोदामात माल ठेवल्याची पावती बँकेकडे तारण ठेवून कर्ज मिळतं. या गोदाम पावतीचा घोटाळा म्हटलं की बनावट शिक्का आणि खोटी सही डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात पावती बहुतेक वेळा खरीच असते. गोदामही खरं असतं. खोटं असतं ते पावतीवरचं वजन, नाहीतर जिच्या नावाने ती फाडली आहे ती व्यक्ती. त्यामुळे बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या माणसाने कागद उन्हात धरून न्याहाळण्यापेक्षा थप्पीवर चढावं.

धान्याच्या गोदामात थप्पीचा नेहमीचा पाया ३० फूट बाय २० फूट. त्यावर ५० किलोच्या पोत्यांचे १६ थर रचले की साधारण ३,००० पोती, म्हणजे १५० टन. आता चारही बाजूंनी दोन-दोन पोती जाडीची भिंत रचा, मधे पोकळी ठेवा, वर फळ्या टाकून तीन थर पसरा. बाहेरून मोजणाऱ्याला लांबी, रुंदी, उंची सगळं बरोबर मिळतं. पण पायाचा जवळपास तिसरा हिस्सा रिकामा असतो आणि १६ पैकी १३ थरांत ती पोकळी असते. हिशेब केला तर आठशेच्या आसपास पोती कधी आलेलीच नसतात. मालाच्या किमतीच्या सत्तर टक्के कर्ज दिलं असेल तर बँकेने राखलेलं तीस टक्क्यांचं मार्जिन तिथेच जवळपास संपलं. भाव थोडा उतरला की कर्ज उघडं पडतं.

पोकळीऐवजी भुसा, माती किंवा दोन वर्षांपूर्वीचा किडका मालही आत भरतात. नमुना काढायची पोकळ सळई बाहेरच्या पोत्यापर्यंतच पोचते, आणि चांगला माल नेमका तिथेच रचलेला असतो. उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: वरून मधला एक चौक निवडायचा आणि पाच-सहा थर उतरवायला लावायचे. हमाली आपल्या खिशातून द्यायची, म्हणजे ‘आज हमाल नाहीत’ हे उत्तर मिळत नाही. कोणता चौक ते गोदामवाल्याला ठरवू देऊ नका. थप्पी भिंतीला चिकटून रचली असेल आणि मागून फिरायला वाट ठेवलेली नसेल, तर ती थप्पी आधी उतरवा. धुरी देण्यासाठी आणि मोजणीसाठी चारही बाजूंनी वाट लागतेच, हे गोदाम चालवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

आत जाण्याआधी मोबाइलवर एक भागाकार करून घ्यावा. सरकारी मापाचं ५,००० टनांचं गोदाम सुमारे १२५ मीटर लांब आणि २२ मीटर रुंद असतं. म्हणजे वाटा धरून टनाला सहा चौरस फुटांच्या आसपास जागा. बारा हजार चौरस फुटांच्या शेडवर साडेतीन हजार टनांच्या पावत्या निघाल्या असतील तर पोती मोजायचीही गरज नाही.

नावांचा खेळ याहून सरळ असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांत गोदाम पावतीवरचं शेतकरी कर्ज प्राधान्य क्षेत्रात धरायला ५० लाखांची मर्यादा होती, आणि नोंदणीकृत गोदामाच्या परक्राम्य (म्हणजे दुसऱ्याच्या नावे करता येणाऱ्या) पावतीवर ती पुढे ७५ लाखांची झाली. मर्यादा आली की तिच्या आत बसणारे अर्ज आलेच. व्यापारी एकच असतो. माल ड्रायव्हर, मुनीम, मेव्हणा आणि गावातल्या चार शेतकऱ्यांच्या नावांवर वाटून टाकलेला असतो. यावर सातबारा पुरतो. सोयाबीनला क्विंटलला ४,५०० रुपये भाव धरला तर सत्तर टक्क्यांनी ५० लाख उचलायला सुमारे १,५९० क्विंटल माल लागतो. एकरी आठ क्विंटल उतारा धरा, जवळजवळ दोनशे एकर झाले. महाराष्ट्रात जमीनधारणा कायद्याने कोरडवाहू कुटुंबाला कमाल मर्यादा ५४ एकरांची आहे. तरीही अशा फायली मंजूर होतात, कारण सातबारा ‘जोडला आहे’ एवढंच बघितलं जातं. क्षेत्र आणि पीकपाहणी कुणी वाचत नाही.

माल खरंच आला असेल तर त्याचा माग गोदामाबाहेर चार ठिकाणी उमटतो, आणि या सगळ्या जागा एकदम सांभाळणं लबाडालाही महाग पडतं. भुईकाट्यावर गाडीचं भरलेलं आणि रिकामं, अशी दोन वजनं वेळेसकट असतात. दोहोंत चार मिनिटांचं अंतर असेल तर दीडशे-दोनशे पोती कधी उतरवली ते विचारा. गाडी नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाका, कधी कधी स्कूटर निघते. बाजार समितीत खरेदी झाली असेल तर सेस भरल्याची पावती हवी. तीन हजार पोती उतरली असतील तर तीन हजार पोत्यांची हमाली कुणाला तरी दिलेली असणार. माथाडी मंडळाकडे नोंद असलेल्या गोदामात ती मंडळाच्या हिशेबात दिसते. चौथी खूण धुरीच्या औषधाची. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या तीन ग्रॅमच्या गोळ्या टनाला तीन, म्हणजे १५० टनांच्या थप्पीला साडेचारशे. वर्षभर दहा थप्प्या दाखवणाऱ्या गोदामाचं धुरीचं बिल दोन थप्प्यांपुरतं असेल, तर बाकीच्या आठांचं काय ते उघड आहे.

एकच माल दोन बँकांकडे तारण ठेवण्याचा जुना प्रकार मात्र २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक परक्राम्य पावतीने बराच अवघड केला. पावती रिपॉझिटरीच्या, म्हणजे पावत्यांची संगणकीय नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, खात्यात राहते, बोजा तिथेच चढतो, दुसऱ्या बँकेला तो दिसतो. पण वजन नोंदवताना जे खोटं शिरलं ते संगणकातही खोटंच राहतं. शिवाय अशी पावती फक्त गोदाम विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेलं गोदाम देऊ शकतं. साध्या कागदी साठा पावतीवर कर्ज देणं अजून चालू आहे, आणि तिथे शेडचा अर्धा भाग एका बँकेला व तोच अर्धा भाग पाटी बदलून दुसरीला दाखवता येतो. फोटोत छताचे पत्रे, खांबाचा क्रमांक आणि थप्पीचं कार्ड एकत्र येईल असा आग्रह धरा.

किल्ली कुणाकडे, हा प्रश्न मी सगळ्यात वरचा मानतो. मुंबईतल्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या मालाच्या हजर सौद्यांच्या बाजारात ३१ जुलै २०१३ रोजी व्यवहार थांबले तेव्हा सुमारे १३,००० गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये २४ देणेकऱ्यांकडे अडकले होते. दोन दिवसांनी खरेदी आणि पंचवीस दिवसांनी चढ्या भावाने विक्री असे जोडसौदे, वर गोदाम पावतीचा भरवसा. सौदा नावाला मालाचा होता, कामाने ते ठरावीक व्याजाचं कर्जच होतं. माल बऱ्याच ठिकाणी देणेकऱ्याच्याच आवारात, आणि पावतीची जबाबदारी एक्स्चेंजवर. तपासणीला माणसं गेली तेव्हा पावत्यांइतका माल नव्हता. गुंतवणूकदाराने थप्पी कधी पाहिलीच नव्हती. त्याला पंधरा टक्क्यांच्या आसपासचा परतावा दिसत होता.

तीच रचना लहान प्रमाणावर रोज उभी राहते. मिलमालक आपलंच शेड नाममात्र भाड्याने देखरेख कंपनीला, म्हणजे बँकेच्या वतीने तारण माल सांभाळणारीला, देतो. कंपनी एक रखवालदार नेमते, तो त्याच गावचा, भाऊ मिलमध्ये कामाला. कुलूप कंपनीचं, पण मागचं शटर आतून उघडतं. रखवालदार दर तीन महिन्यांनी बदलला पाहिजे, त्याचा पगार कर्जदाराच्या हातून जाता कामा नये, आणि मिलच्या आवारातल्या शेडवर कर्ज द्यायचंच असेल तर त्या शेडला आवाराबाहेर उघडणारं एकच दार हवं.

कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत (मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने, सहा टक्के व्याज) असले प्रकार अवघड जातात, कारण माल बाजार समितीच्या ताब्यात, कर्ज फक्त शेतकऱ्याला आणि रकमा लहान.

ज्याच्या नावावर परस्पर असं कर्ज निघालंय त्याला ते बहुधा पीककर्ज नाकारलं गेल्यावरच कळतं. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. व्यापाऱ्याला कधी आधार, सातबारा आणि कोऱ्या कागदांवर सह्या दिल्या असतील तर तो मागवा. अनोळखी तारण कर्ज दिसलं तर पतमाहिती कंपनीकडे हरकत नोंदवा, बँकेला लेखी कळवून पोच घ्या, आणि पावतीची प्रत मागून गोदामाचा पत्ता व माल आणल्याची तारीख उतरवून ठेवा. त्या तारखेला तुमचं सोयाबीन अजून शेतात उभं असेल तर तक्रारीला दुसरा पुरावा शोधावा लागत नाही.