गालाला ‘चेहरा’ म्हणू नका

‘चेहऱ्यावर कुत्रा चावला. जखम धुतली. टाके घातले. अँटिबायोटिक देऊन घरी सोडले.’ गेल्या आठवड्यात माझ्या वाट्याला आलेल्या एका चार्टमधली, म्हणजे रुग्णाच्या कागदपत्रांमधली, डॉक्टरांची नोंद साधारण एवढीच होती. (ओळख पटेल असे सारे तपशील मी येथे गाळले आहेत.) अमेरिकेतील इमर्जन्सी विभागांचे चार्ट पुण्यात बसून कोड करणे, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीवरून बिलासाठी निदानाचे आणि उपचाराचे ठरावीक कोड लावणे, हा माझा व्यवसाय आहे. डोक्यावरच्या चाव्यांचे चार्ट दिसायला सोपे असतात, पण हमखास अडवून धरतात, कारण रुग्णावर नीट उपचार झाले म्हणजे नोंदही पुरेशी झाली, असे होत नाही.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम या निदानाच्या कोडांच्या यादीत डोक्यावरच्या उघड्या जखमांचा एस०१ हा गट आहे, आणि त्या गटात ‘चेहरा’ नावाची जागाच नाही. डोक्याची केसांखालची त्वचा, पापणी व डोळ्याभोवतीचा भाग, नाक, कान, गाल व जबड्याचा सांधा, ओठ व तोंडाचा आतला भाग, अशी त्याची वाटणी आहे. भुवईवरचा चावा पापणीच्या कोडात जातो. कपाळ आणि हनुवटी यांना मात्र स्वतःचे घर नसल्यामुळे ती दोन्ही एस०१.८५ या ‘अन्य भागा’त राहतात. पापणी, कान आणि गाल यांच्यासाठी उजवी-डावी बाजूही सांगावी लागते. ‘उजव्या गालावर चावा’ एवढे तीन शब्द डॉक्टरांनी लिहिले असते तर एस०१.४५१ए हा कोड अर्ध्या मिनिटात लागला असता. चार्टला फोटो जोडलेला होता आणि त्यात गाल स्पष्ट दिसत होता. पण फोटो पाहून निदान ठरवण्याचा अधिकार कोडरला नाही. मला क्वेरीच, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणाच, पाठवावी लागली, आणि तीही ‘उजवा गालच ना?’ अशी उत्तर सुचवणारी नव्हे, तर ‘जखमेची नेमकी जागा व बाजू कृपया नोंदवावी’ अशी कोरडी.

दुसरा घोटाळा शब्दाचा. डॉक्टर जखम पाहतात आणि सवयीने ‘लॅसरेशन’ (फाटलेली जखम) लिहितात. नवा कोडर तो शब्द पकडून लॅसरेशनचा कोड लावतो आणि ऑडिटमध्ये सापडतो, कारण जखम दातांनी झाली असेल तर तिच्यासाठी ‘ओपन बाइट’ (चाव्याची उघडी जखम) हा वेगळा कोड आहे. गंमत अशी, की डॉक्टरांनी खोली न सांगता नुसतेच ‘बाइट’ लिहिले तरी ते ओपन बाइटमध्येच धरले जाते. केवळ वरवर खरचटले असेल तर तसे लिहावे लागते, आणि मग कोड एस०० या वरवरच्या जखमांच्या गटात जातो. ज्या यादीत बहुतेक ठिकाणी कमीत कमी गृहीत धरण्याची आम्हाला शिस्त लावली जाते, तिथे या बाबतीत उलटी चाल का, याचे मला अजूनही नवल वाटते.

टाक्यांचे कोड सीपीटी या उपचारांच्या कोडांच्या वेगळ्या यादीतून येतात आणि क्लेमचे (विम्याच्या दाव्याचे) पैसे बहुतेक तिथेच अडतात. टाक्यांच्या एकाच वर्गातल्या (साधे, मध्यम वगैरे), एकाच शारीरिक गटातल्या जखमांची लांबी बेरीज करून एकच कोड लावायचा असतो. नाकावर दीड सेंटिमीटर आणि गालावर दोन सेंटिमीटर असे साधे टाके असतील, तर साडेतीनचा मिळून १२०१३. तीच फाटलेली त्वचा कपाळावरून केसांत शिरली असेल, तर कपाळाचा भाग चेहऱ्याच्या गटात आणि केसांतला भाग धड व हातापायांच्या गटात मोजतात. केसांची रेषा जखमेच्या मधून गेली की बेरीज तुटते. म्हणजे जो ‘चेहरा’ निदानाच्या यादीत नाही, तो टाक्यांच्या यादीत आहे! ‘एकूण ५ सेंटिमीटर’ अशी नोंद त्यामुळे निरुपयोगी ठरते. आणखी एक बारकावा चाव्यांच्या बाबतीत नेहमी लागू पडतो: जखम फार मळलेली असेल आणि ती साफ करायला बरेच काम करावे लागले असेल, तर एका थराच्या टाक्यांनाही मध्यम दर्जाचा कोड मिळतो. ‘जखम धुतली’ या दोन शब्दांत ते काम दिसत नाही.

लहान बाळांची गोष्ट वेगळी. कुत्र्याचा दात कवटीतून आरपार गेला, तर एस०१ बाजूला पडतो आणि एस०२ खाली उघड्या फ्रॅक्चरचा कोड लागतो. दोन्ही एकत्र लावता येत नाहीत. कानाचा तुकडाच तुटला असेल तर एस०८. जखम चिघळली असेल तर संसर्गाचा कोड सोबत हवा, उदाहरणार्थ चेहऱ्याच्या सेल्युलायटिससाठी (त्वचेच्या आत पसरलेल्या संसर्गासाठी) एल०३.२११. एस०१.४५१ए सारख्या कोडातले शेवटचे ए हे अक्षर ‘पहिली भेट’ सांगत नाही, उपचार चालू असल्याचे सांगते. प्लास्टिक सर्जनकडे पाठवलेल्या रुग्णालाही तेच लागते. टाके काढायला आला की ए च्या जागी डी.

कुत्रा चावल्याचे कारण डब्ल्यू५४.० या कोडात जाते. माणसाने भांडणात घेतलेला चावा मात्र वाय०४.१ मध्ये, म्हणजे हल्ल्यात. रेबीजच्या संपर्काचा झेड२०.३ डॉक्टरांनी शंका नोंदवली असेल तरच लावायचा. कुत्रा भटका होता, एवढ्यावरून तो मी माझ्या मनाने लावू शकत नाही.

हे सारे मनात घोळत असतानाच गावाकडून मामेबहिणीचा फोन आला. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला गल्लीतल्या कुत्र्याने डोक्याला चावा घेतला होता. तिने तालुक्याच्या दवाखान्यातल्या केसपेपरचा फोटो पाठवला. त्यावर श्वानदंश, कॅटेगरी ३ (सर्वांत गंभीर), इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) जखमेत दिले, आणि लशीच्या तारखा ०, ३, ७, २८ या दिवसांच्या हिशेबाने, एवढेच होते. जागा नाही, बाजू नाही, लांबी नाही. माझ्या टेबलावर हा कागद एका मिनिटात परत गेला असता. पण पोराचा जीव ज्यावर अवलंबून होता, ते सगळे त्यात होते: डोक्यावरच्या चाव्यात विषाणूला मेंदूपर्यंतचे अंतर थोडे असते, म्हणून इम्युनोग्लोब्युलिन थेट जखमेत, आणि टाक्यांची घाई नाही. माझ्या चार्टमधल्या डॉक्टरांनी टाके घातले होते, पण रेबीजचा विचार केला की नाही, हे मात्र कुठेही लिहिले नव्हते.

तरी सवय जात नाही. मी तिला विचारलेच, “नेमकं कुठं चावलंय गं?”

“कानाला, ताई.”

“कानाच्या पाळीला, की पाळीच्या मागं?”

“मागं, वर, केसांत. तिथले केस कापलेत त्यांनी.”

म्हणजे कान नव्हे. डोक्याची त्वचा, एस०१.०५.