खमण बायोलॉजीत बसत नाही

(माजी विद्यार्थी, दहावी, 1989)

स्मरणिकेसाठी लिही असा मेसेज आला तेव्हाच मला माहीत होतं की बाकीचे सगळे गणेशोत्सव, स्नेहसंमेलन आणि पीटीच्या सरांची शिट्टी यावर लिहिणार, म्हणून ते सगळं त्यांच्यावर सोडतो आणि मी फक्त आपल्या बायोलॉजीच्या बाईंबद्दल लिहितो. नाव घालत नाही, त्यांना ते आवडायचं नाही, आणि आमच्या वेळच्या लोकांना नाव न घालताही कळेलच.

लॅबमध्ये तेव्हा मायक्रोस्कोप एकच, आणि बरणीतला बेडूक इतका पांढरा पडलेला की तो बेडूक आहे हे लेबल वाचून कळायचं. बाईंनी बहुतेक त्यामुळेच नियम केला असावा की प्रत्येक धड्याचं एक उदाहरण घरून आणायचं, पुस्तकातलं चालणार नाही. आणायचं, आणता येत नसेल तर सांगायचं, आणि मग बाई दोन प्रश्न विचारणार हे ठरलेलं. यात जिवंत काय आहे? आणि ते जिवंत नसतं तर हे असंच झालं असतं का?

फर्मेंटेशनच्या धड्याला आमच्यातला एक जण रावपुऱ्यातून डबाभर खमण घेऊन आला. बडोद्यातली मुलं, दुसरं काय आणणार! बाईंनी एक तुकडा खाल्ला, छान झालंय म्हणाल्या, आणि विचारलं आईनं यात काय घातलं? बेसन, लिंबाचं फूल, सोडा. "मग हे केमिस्ट्रीच्या सरांकडे ने. आंबट आणि सोडा एकत्र आले, कार्बन डायऑक्साइड सुटला, पीठ फुगलं, यात जिवंत कोणी नाही." दुसऱ्या दिवशी एक मुलगी रात्रभर आंबवलेल्या डाळ-तांदळाच्या पिठाचा ढोकळा घेऊन आली तो मात्र पास झाला. फुगलेले दोघंही, जाळी दोघांनाही, गॅससुद्धा तोच, मग फरक कसा दाखवायचा असं आम्ही विचारलं तर बाई म्हणाल्या, आंबलेल्या पिठातलं चमचाभर नव्या पिठात घाल, तेही आंबेल, त्यातलं आणखी पुढच्यात घाल, तेही आंबेल. खमणाचा तुकडा नव्या पिठात घातलास तर काय होईल? काही नाही, खमण वाया जाईल. बॅक्टेरिया वाढतात, सोडा संपतो. विरजणाचं दही का लागतं आणि लिंबू पिळून केलेल्या पनीरचं विरजण का होत नाही हे मला त्या दिवशी कळलं, आईला ते आधीपासून माहीत होतं फक्त तिला कोणी मार्क देत नव्हतं. दूध कोमट झाल्याशिवाय ती विरजण लावायची नाही, करंगळी बुडवून बघायची, कारण उकळत्या दुधात लावलं तर दही लागतच नाही, बॅक्टेरिया मरतात.

ऑस्मोसिसला, म्हणजे पेशीच्या पडद्यातून पाणी जास्त मिठाच्या बाजूला जातं त्या धड्याला, माझा नंबर होता. मी काकूला विचारलं तर ती म्हणाली, अरे काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी का घालतात सांग बाईंना. आधी घातलं की अर्ध्या तासात वाडग्यात पाणीच पाणी. बाई खूश झाल्या पण दुसरा प्रश्न आलाच, म्हणून मग बटाट्याच्या चकत्या मिठाच्या पाण्यात टाकल्या, एका वाटीत कच्च्या आणि एका वाटीत उकडलेल्या. कच्च्या चकत्या लुळ्या पडल्या, आतलं पाणी बाहेर गेलं. उकडलेल्यांचं तसं काही झालं नाही, कारण उकडल्यावर पेशीचा पडदा फाटलेला, पाणी जाऊ दे पण मीठ अडव असं करणारं कोणी उरलेलंच नाही.

पण खरी मजा पचनाच्या धड्याला आली. कोणीतरी म्हणालं पोळीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो. लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम, म्हणजे पेशीनं बनवलेला, रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, स्टार्चची साखर करतं, बरोबर. बाईंनी विचारलं, यात जिवंत काय? तो म्हणाला, मी. वर्ग हसला. मग बाईंनी परीक्षानळीत तांदळाची पेज घेतली, त्यात त्याचीच लाळ, थोडा वेळ थांबून आयोडीनचे थेंब टाकले तर निळा-काळा रंग आलाच नाही, म्हणजे तोंडाच्या बाहेर, काचेच्या नळीतही लाळेनं काम केलं. उकळलेली लाळ घातली तेव्हा मात्र लगेच काळंनिळं. आता आली का पंचाईत! उकळल्यावर काम थांबतं म्हणजे ते जिवंत होतं असं आम्ही आत्तापर्यंत घोकत आलेलो, आणि नळीतल्या थुंकीला जिवंत म्हणायची तर कोणाची तयारी नाही. बाईंचा प्रश्न बाईंवरच उलटला आणि त्या इतक्या खूश झालेल्या मी परत कधी पाहिल्या नाहीत. मग त्यांनी एडुआर्ड बुखनरची गोष्ट सांगितली, की 1897 साली या जर्मन माणसानं यीस्टच्या पेशी वाळूबरोबर घोटून फोडल्या, रस गाळून घेतला, आणि त्यात एकही जिवंत पेशी नसताना साखर आंबली. त्याच्या आधी मोठमोठे लोक म्हणत होते की जिवंत पेशीशिवाय फर्मेंटेशन होतच नाही. 1907 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला मिळालं. केमिस्ट्रीचं हं, बायोलॉजीचं नाही, असं कोणीतरी मागून ओरडलं, आणि ज्यानं खमण आणलं होतं तो म्हणाला मग माझं खमण परत घ्या. घेतलं नाही. एन्झाइम जिवंत नसलं तरी जिवंत पेशीनं बनवलेलं असतं आणि खायचा सोडा कारखान्यात बनतो, एवढ्यावर ते प्रकरण मिटवलं गेलं. मला अजूनही वाटतं त्याला अर्धा मार्क द्यायला हवा होता.

नवरात्रात आमच्या दांडिया बजारच्या घरी घट बसायचे. देवघर आतल्या काळोख्या खोलीत, त्यामुळे धान पिवळंधमक आणि हे एवढं लांब यायचं, आणि सगळं दाराच्या उजेडाकडे वाकलेलं. आजी म्हणायची देवीचं धान पिवळंच छान. बाईंनी त्यात दोन धडे काढले, हरितद्रव्य पूर्ण तयार व्हायला उजेड लागतो म्हणून पिवळं, आणि सावलीच्या बाजूला ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक जास्त जमतं, तिकडच्या पेशी जास्त लांब होतात म्हणून वाकलेलं. दसऱ्यानंतर थोडं धान गॅलरीत उन्हात ठेवलं, ते एक-दोन दिवसांत हिरवं व्हायला लागलं. आजी बघायला आली, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली की पुढच्या वर्षीही घट तिथेच बसतील.

पालीची तुटलेली शेपटी, मटकीच्या पुरचुंडीत हात घातला की लागणारी ऊब (ती श्वसनाची), भिंतीतला पिंपळ, असं सगळं येऊन गेलं, सगळं लिहीत बसत नाही. एकच उदाहरण बाईंनी नापास केलं ते मला पटलेलं नाही. धडा होता थंड रक्ताच्या प्राण्यांचा आणि एकानं लिहिलं मगर. काळ्या घोड्याच्या पुलावरून थंडीत खाली बघितलं की विश्वामित्रीच्या काठावर मगरी उन्हात पडलेल्या दिसतात, अंगाची ऊब त्यांना बाहेरून घ्यावी लागते, उदाहरण शंभर टक्के बरोबर. वर त्यानं मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे घरट्यातल्या तापमानावर ठरतं तेही लिहिलं होतं. बाई म्हणाल्या बरोबर आहे पण हे घरातलं नाही.

2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात विश्वामित्रीच्या मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या, रेस्क्यूवाले एकेक पकडून नेत होते, आमच्या बॅचच्या ग्रुपवर दिवसभर तेच व्हिडिओ. माझी पुतणी सध्या आपल्याच शाळेत दहावीला आहे. तिनं घरच्या उदाहरणात मगर लिहिली तर आत्ताच्या शिक्षकांनी कृपया पूर्ण मार्क द्यावेत, आणि जुने एका माणसाचे राहिलेत तेही जमलं तर बघावं.