पोटातल्या शिरेत गुठळी : डॉपलर आणि सीटीचा माझा अनुभव

रक्ताची गुठळी पायात होते, मेंदूत होते, एवढंच मी ऐकून होते. पोटातल्या शिरेतही होते हे स्वतःला झाल्यावर कळलं. बेंबीच्या वर खोल कुठेतरी दुखायचं, जेवल्यावर जास्त. साध्या सोनोग्राफीत ‘गॅसेस’ निघाले, पित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या, दुखणं काही हटेना.

पोटविकारतज्ज्ञांनी पोर्टल व्हेनचा कलर डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोनोग्राफी, लिहून दिला. आतडी आणि प्लीहेकडचं रक्त यकृतात नेणारी ही शीर. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के हिच्यातूनच येतं. ताजी गुठळी साध्या सोनोग्राफीत रक्तासारखीच काळी दिसू शकते, म्हणून रक्त वाहतंय का हेच बघावं लागतं, असं त्यांनी समजावलं.

डॉपलरला रात्रीपासून उपाशी राहायचं होतं. बरगडीखाली गार जेल, मग “श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा.” स्क्रीनवर शिरेत रंग भरत यायचा आणि एका जागी अडायचा, कडेनं फक्त बारीकशी रेघ. डॉक्टर मला कुशीवर वळवून तीच जागा पुन्हा पुन्हा बघत होत्या. आतड्यांकडून येणारी शीर मात्र गॅसमुळे दिसेना, म्हणून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत शिरा उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून द्यायचं औषध, देऊन सीटी करायचं ठरलं.

त्याआधी रक्तातलं क्रिएटिनीन तपासलं, कारण कॉन्ट्रास्ट किडनीवाटे बाहेर पडतं. ॲलर्जी आणि मधुमेहाच्या गोळ्यांचीही चौकशी झाली. औषध शिरलं तशी घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट गेली. लघवी झाली असं वाटतं, पण होत नाही, घाबरू नका. सगळी मेख वेळेत असते. औषध दिल्यावर साधारण मिनिटभरानं, पोर्टल व्हेन भरलेली असताना फोटो घ्यावे लागतात. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘पोटाचं सीटी’ असेल तर पोर्टल व्हेनच्या गुठळीची शंका डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्या.

गुठळी आतड्यांकडच्या शिरेपर्यंत उतरली होती, आतडं मात्र शाबूत होतं. त्याच संध्याकाळी हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू झाली, नंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. गुठळी का झाली हे शोधायला जॅक-२ या जनुकातला बदल बघणारी रक्ततपासणीही झाली. आता पुढची तपासणी डॉपलरनंच होते, त्यात रेडिएशन नाही. जाताना जुने रिपोर्ट आणि सीटीची सीडी नेते. रंग कुठपर्यंत सरकला ते डॉक्टर जुन्याशी ताडून सांगतात.