सहा बाय अकरा इंचाचा पाठिंबा

9 फेब्रुवारी 2024, शुक्रवार. टेक्सासमधल्या रिपब्लिकन प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचं, मतदान 5 मार्चला होतं. पण मी ज्या छापखान्यात निवडणुकीच्या टपालाचं काम बघतो, तिथे सगळी धावपळ 20 फेब्रुवारीसाठी असते, कारण त्या दिवशी मुदतपूर्व मतदान सुरू होणार होतं. 19 तारखेला प्रेसिडेंट्स डे, टपाल बंद. म्हणजे पत्रक शनिवारी 17 तारखेपर्यंत घरोघरी पडायला हवं. मार्केटिंग मेलच्या स्वस्त दराने जाणारं टपाल गावातल्या गावात असलं तरी चार-पाच दिवस धरून चालावं लागतं. उलटं मोजत गेलं की सोमवारी, 12 तारखेला ट्रे टपाल खात्याच्या ताब्यात द्यावे लागतात. शुक्रवारी सकाळी जे काम हातात येतं, त्याला चूक परवडत नाही.

त्या सकाळी डॅलसच्या उत्तरेकडच्या एका शहराचे नगरसेवक आले. इथल्या नगरपालिकेच्या निवडणुका मे महिन्यात होतात आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. पण हे गृहस्थ कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून गावात ओळखले जातात. मालमत्ता कर आणि पोलीस या दोन विषयांवर त्यांचा शब्द मानणारी बरीच घरं आहेत. प्रायमरीत ते स्वतः उभे नव्हते. आपण कोणाला मत देणार, हे त्यांना एका पत्रकावर छापून हवं होतं. सर्वोच्च पदापासून कॉन्स्टेबलपर्यंत (इथे हेही निवडून येणारं पद आहे) अकरा नावं, मागे त्यांचा फोटो आणि चार ओळींचं पत्र. माल साडेआठ हजार घरांसाठी.

अशा पत्रकाची गरज का पडते, ते आधी सांगतो. प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे. नोव्हेंबरमध्ये मतदार नावापुढचं पक्षाचं लेबल बघून निर्णय घेतो, तो आधार मार्चमध्ये नसतो. त्यात टेक्सासमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापासून खालपर्यंतचे न्यायाधीशही पक्षाच्या प्रायमरीतून येतात. रेल्वेरोड कमिशनर हे पद आहे, जे आता रेल्वे नव्हे तर तेल आणि वायू बघतं. त्याखाली राज्य शिक्षण मंडळ, अपील न्यायालय, जिल्हा न्यायालयं, शेरिफ, कर वसूल करणारा अधिकारी, पक्षाचा प्रिसिंक्ट चेअर, म्हणजे मतदान विभागापुरता पक्षप्रमुख. शिवाय त्या वर्षी रिपब्लिकन मतपत्रिकेवर 13 प्रस्तावही होते. एकाच पदासाठीच्या नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, त्यामुळे वर कोण आहे यालाही अर्थ नाही. आणि मतदान यंत्रापासून 100 फुटांच्या आत फोन वापरायला बंदी आहे, म्हणजे उभ्या उभ्या शोधून बघायची सोय नाही. कागद मात्र बरोबर नेता येतो. म्हणून पत्रकाची मांडणी मतपत्रिकेच्या क्रमानेच करायची, हा आमचा पहिला नियम. देखणी मांडणी करून शेरिफचं नाव वर घेतलं की मतदार पडद्यावर शोधत बसतो आणि चौथ्या-पाचव्या पदानंतर कागद खिशात घालतो.

पाठिंब्याचं खरं वजनही तळाच्या नावांवरच पडतं. अध्यक्षपदासाठी कोणाला मत द्यायचं हे कोणी नगरसेवकाला विचारत नाही. वरची चार नावं वाचून मतदार म्हणतो, हा माणूस आपल्यासारखाच विचार करतो. त्या भरवशावर तो खालच्या सात नावांवर बोट ठेवतो.

आता फाइलकडे. पहिल्या पाच मिनिटांतच मागच्या बाजूचा फोटो अडला. नगरसेवक सभागृहातल्या आपल्या खुर्चीवर बसलेले, मागे शहराची मुद्रा, आणि फोटो नगरपालिकेच्या छायाचित्रकाराने काढलेला. टेक्सास निवडणूक संहितेचं कलम 255.003 सांगतं की स्थानिक संस्थेचा पैसा राजकीय जाहिरातीवर खर्च करता येत नाही. पगारी कर्मचाऱ्याचा वेळ आणि कचेरीतली साधनंही त्यातच धरली जातात. गुन्हा क्लास ए मिसडिमीनर, म्हणजे वर्षभरापर्यंत कैद आणि 4,000 डॉलरपर्यंत दंड. नगरसेवकाने पाठिंबा द्यायला काहीच हरकत नाही, स्वतःचं पद लिहायलाही नाही. फक्त तो पाठिंबा नगरपालिकेच्या पैशाने, ईमेलने किंवा कर्मचाऱ्याकडून जाता कामा नये. ते म्हणाले, "पण हा फोटो तर नगरपालिकेच्या साइटवर सगळ्यांसाठीच आहे." तो तिथे असतो नागरिकांच्या माहितीसाठी, प्रचारासाठी नाही, एवढंच मी सांगितलं. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीशी उभं करून नवा फोटो काढला. ऊन चांगलं होतं, काम झालं.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. पत्राच्या खाली "माझ्यासोबत यांचाही पाठिंबा" म्हणून तीन नावं होती, त्यातलं एक जिल्हा न्यायालयाच्या विद्यमान न्यायाधीशांचं. टेक्सासच्या न्यायाधीश आचारसंहितेतलं पाचवं सूत्र स्पष्ट आहे: न्यायाधीशाने दुसऱ्या उमेदवाराच्या पाठिंब्यासाठी आपलं नाव जाहीरपणे वापरू द्यायचं नाही. पक्षाला पाठिंबा आहे एवढं ते सांगू शकतात. मित्राच्या शब्दावर नगरसेवकांनी ते नाव घातलं होतं आणि लेखी परवानगी नव्हती. पत्रक बाहेर पडलं असतं तर नगरसेवकांना काही झालं नसतं, न्यायाधीशांना मात्र त्याचा त्रास भोगावा लागला असता. नाव काढलं. उरलेल्या दोघांकडून ईमेलवर होकार मागवला, तो आल्याशिवाय प्रूफ पुढे सरकवलं नाही. पाठिंबा देणाऱ्याचं प्रत्येक नाव लेखी संमतीने छापायचं, हे मी कोणत्याही पक्षाच्या कामाला लावतो.

तिसरी गोष्ट एका शब्दाची, पण त्याला कायदा आहे. एक उमेदवार अजून न्यायाधीश नव्हता, तरी पत्रकावर नाव आणि खाली पदनाम असं होतं की वाचणाऱ्याला तो विद्यमान वाटावा. पद हातात नसेल तर पदाच्या नावाआधी 'फॉर' घालावं लागतं, आणि त्या 'फॉर'चा टाइप पदनामाच्या टाइपच्या निम्म्यापेक्षा लहान चालत नाही. पदनाम 18 पॉइंटला होतं, आम्ही 'फॉर' 12 ला घेतला. 'री-इलेक्ट' तर फक्त त्या पदावर असलेल्यालाच.

मग खालची ओळ. राजकीय जाहिरात आहे हे आणि ती कोणाच्या पैशाने निघाली, हे पूर्ण नावानिशी छापावं लागतं. फाइलमध्ये ओळ होती, पण 'मित्रमंडळ' अशा अर्थाचं मोघम नाव होतं. पैसे जात होते नगरसेवकांच्या राजकीय खात्यातून, तेव्हा ओळीत तेच नाव हवं. भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 अ नुसार पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचंही नाव लागतं आणि मुद्रकाला प्रत सरकारदरबारी पाठवावी लागते. इथे मुद्रकाचं नाव लागत नाही. मला आपली पद्धत जास्त पटते. मुद्रकाचं नाव गेलं की तोही जबाबदारीने वाचतो.

बिलाच्या वेळी त्यांनी नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून सवलत मागितली. त्यांच्या दुकानाचं काम आमच्याकडे वर्षभर येतं, तिथे आम्ही देतोही. इथे नाही. टेक्सासमध्ये कॉर्पोरेशनने उमेदवाराला देणगी देणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि इतर सगळ्यांना ज्या दराने छापतो त्यापेक्षा कमी दर लावला तर फरक देणगीत मोजला जातो. म्हणून दरपत्रक एकच, आणि राजकीय कामाचे पूर्ण पैसे, टपालखर्चासकट, यंत्र सुरू होण्याआधी. हरलेल्या उमेदवाराकडून वसुली होत नाही, हे दुसरं कारण. ज्या उमेदवारांना विचारून हे पत्रक निघालं, त्यांना आपापल्या हिशेबात तो वाटा वस्तुरूप देणगी म्हणून दाखवावा लागतो, हेही त्यांना सांगून ठेवलं. निवडणुकीआधी 30 आणि 8 दिवसांचे हिशेब द्यायचे असतात.

दुपारी यादी उघडली आणि दिवसातलं सगळ्यात मोठं काम तिथे निघालं. टेक्सासमध्ये मतदार नोंदणीत पक्ष नसतो. कोण रिपब्लिकन, हे मागच्या प्रायमऱ्यांमध्ये कोणत्या पक्षाची मतपत्रिका घेतली त्यावरून काढावं लागतं. 2020 आणि 2022 पैकी एकदा तरी रिपब्लिकन मतपत्रिका घेतलेले मतदार काढले, एका घरात एकच पत्रक या हिशेबाने साडेआठ हजार पत्ते उरले. (या यादीत आता मराठी आडनावं शोधावी लागत नाहीत, पानापानावर दिसतात. नागरिकत्व मिळाल्यावर प्रायमरीला जाणारे मात्र त्यातले कमीच, याची मला खंत वाटते. इथे अनेक जागांचा निकाल मार्चमध्येच लागतो, नोव्हेंबरची लढत नावापुरती असते.) पत्ते राज्य प्रतिनिधीगृहाच्या मतदारसंघाप्रमाणे लावले तर शहर एका मतदारसंघात नव्हतंच, दोनांत विभागलेलं. नगरसेवकांनी त्यातल्या एकाच उमेदवाराचं नाव दिलं होतं. जवळजवळ चाळीस टक्के घरांच्या मतपत्रिकेवर ते नाव येणारच नव्हतं.

असं पत्रक गेलं तर काय होतं? मतदार यंत्रासमोर ते नाव शोधतो, सापडत नाही, मग त्याला वाटतं की मतपत्रिकाच चुकीची मिळाली. तो निवडणूक कर्मचाऱ्याला बोलावतो, रांग थांबते. आणि त्याहून वाईट म्हणजे बाकीच्या दहा नावांवरचाही विश्वास उडतो. उपाय एकच, दोन आवृत्त्या. 'अ' मध्ये अकरा नावं, 'ब' मध्ये दहा. ऑफसेटवर त्यासाठी प्लेटचा दुसरा संच लागला असता. डिजिटल प्रेसवर फक्त फाइल बदलते. 13 बाय 19 इंचाच्या शीटवर 6 बाय 11 ची तीन पत्रकं बसतात, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे 2,900 शीट आणि वर वाया जाणारे. धोका छपाईत नसतो, कटिंगनंतर असतो. दोन्ही आवृत्त्या दिसायला सारख्याच, एकदा गठ्ठे मिसळले की वेगळे करणं अशक्य. म्हणून 'ब' च्या पत्त्याच्या बाजूला कोपऱ्यात बारीक राखाडी ठिपका घातला आणि 'अ' कापून, पत्ते मारून, ट्रेमध्ये बंद झाल्यावरच 'ब' यंत्रावर घेतला.

कागद 100 पाउंडाचा ग्लॉस कव्हर. टपाल खात्याला या आकाराचं कार्ड निदान 0.009 इंच जाडीचं लागतं, त्यापेक्षा पातळ असलं तर यंत्रात अडकतं. पुढच्या बाजूला यूव्ही कोटिंग, पत्त्याच्या बाजूला नाही. चकचकीत कोटिंगवर इंकजेटची शाई वाळत नाही, ट्रेमध्ये एकमेकांना घासून बारकोड पुसतो आणि अख्खी खेप परत येऊ शकते. उजवीकडे खाली पावणेपाच इंच रुंद आणि पाच अष्टमांश इंच उंच पट्टा बारकोडसाठी कोरा सोडायचा. नगरसेवकांच्या डिझायनरने नेमकी तिथेच झेंड्याची पट्टी काढली होती. ती वर सरकवली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास 'अ' छापून कटरवर जाणार, तेवढ्यात नगरसेवकांचा फोन आला. कॉन्स्टेबलच्या जागेसाठी त्यांनी ज्याला पाठिंबा दिला होता, त्याच्या विरोधातला माणूस त्यांच्या चर्चमधला, जुना स्नेही. त्याला कुठून तरी कळलं होतं. "ती जागा रिकामी सोडता येईल का?" त्यांचा आवाज दबलेला होता. मी हिशेब सांगितला: शीट फुकट जातील, रात्रपाळी लागेल, पैसे पुन्हा भरावे लागतील, पण सोमवार गाठता येईल. आणि विचारलं म्हणून मतही दिलं. ज्याला होकार दिला त्याने तो शब्द आपल्या प्रचारात वापरायला सुरुवात केली असणार. आता नाव गाळलं तर दोघेही दुखावतील. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "छापा. मी त्याला आज रात्री घरी जाऊन सांगतो." स्थानिक पाठिंब्याची किंमत अशी चुकवावी लागते. राज्य पातळीवरचा नेता कधी न भेटलेल्या माणसाविरुद्ध पाठिंबा देतो. नगरसेवकाला रविवारी त्याच्याच शेजारच्या बाकावर बसायचं असतं. म्हणूनच त्या पाठिंब्याला गावात मान असतो, असं मला वाटतं.

सोमवारी सकाळी ट्रेवर राजकीय टपालाचे लाल टॅग लावले. हा टॅग क्रमांक 57, त्याने ट्रे चटकन ओळखू येतात. फॉर्मवर वजन आणि नगसंख्या जुळवून, शिक्का मारलेली पावती घेतली. ती पावती जपून ठेवायची, कारण "आमच्याकडे पत्रक आलंच नाही" असा पहिला फोन 20 तारखेला हमखास येतो.

5 मार्चला राज्यभरात तळाच्या जागांवर पाठिंब्याने काय होतं ते दिसलंच. फौजदारी अपील न्यायालयाच्या शॅरन केलर, बार्बरा हर्व्ही आणि मिशेल स्लॉटर या तिघी विद्यमान न्यायाधीश एकाच दिवशी प्रायमरीत हरल्या. ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी त्यांच्याविरुद्ध उघड मोहीम चालवली होती. उलट बोमॉन्टकडे राज्य प्रतिनिधीगृहाचे तेव्हाचे सभापती डेड फेलन यांच्याविरुद्ध ट्रम्प आणि पॅक्स्टन दोघेही उतरले, तरी 28 मेच्या रनऑफमध्ये, म्हणजे दुसऱ्या फेरीत, फेलन चारशेहून कमी मतांनी का होईना, टिकले. तिथे मतदार उमेदवाराला स्वतः ओळखत होते.

आमच्या नगरसेवकांच्या पत्रकावरच्या एका जागेवर कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, म्हणजे रनऑफ आणि नवं पत्रक. त्यासाठी जुनी यादी चालत नाही. मार्चमध्ये ज्यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलं, त्यांना रिपब्लिकन रनऑफमध्ये मत देता येत नाही, त्यांचे पत्ते आधी गाळायचे. ज्यांनी मार्चमध्ये मतदानच केलं नाही त्यांना मुभा असते, पण त्यातले फार थोडे येतात. बजेट कमी असेल तर त्यांनाही सोडायचं. उरतात ते 5 मार्चला प्रत्यक्ष रिपब्लिकन मतपत्रिका घेतलेले. काउंटीकडून, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाकडून, ती यादी येईपर्यंत कागद मागवून ठेवला.